मिर्वाच्या मुलीचं नाव

"बाप्तिस्म्याचं पाणी घालायला तुझी परवानगी कशाला लागते?" सायमी म्हणाली. "तीनदा डोक्यावर पाणी, तोंडानं चार शब्द. पाद्री हाताशी नसेल तर कुणीही घालू शकतं. नळाचं पाणीसुद्धा चालतं."

"आणि नाव कुठून आणणार?" मिर्वानं विचारलं. "नाव मला माहीत आहे. तुम्हाला नाही."

"एस्कोला माहीत आहे."

एस्को दाराशी एका पायात बूट घालून उभा होता. दुसरा बूट हातात. बायको आणि आई दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं तसा तो बुटाची नाडी सोडवायला लागला. ती आधीच सुटलेली होती.

"मी काही बोललेलो नाही," तो म्हणाला.

"ते दिसतंच आहे. न बोलण्याचा गुण बापाचा घेतलास," सायमी म्हणाली.

मी टेबलाच्या कोपऱ्यात कॉफी घेऊन बसले होते. सकाळच्या धारा नुकत्याच आटोपल्या होत्या. मी बदलीवर येणारी बाई. आमच्याकडे गोठेवाल्यांचं आजारपण, बाळंतपण निघालं की कचेरीतून माझ्यासारखी कुणीतरी येते, धारा काढते, शेण लोटते आणि त्या घरच्या स्वयंपाकघरात कॉफी पिते. भांडण चालू असलं तरी कॉफी मिळतेच. उठून जावं असं वाटत होतं, पण जायला रस्ता एस्कोच्या अंगावरून होता.

मिर्वा खुर्चीवर ताठ बसली होती. स्वेटरच्या आत दूध काढायचं यंत्र चालू होतं, त्याची बारीक घरघर सगळ्या बोलण्याखालून येत होती. मधूनच ती तोंड खांद्याकडे वळवून खोकायची. भांडणाचं मूळ त्या खोकल्यात होतं. खोकला होता म्हणून तिला मुलीजवळ जाऊ देत नव्हते. शहरातल्या हॉस्पिटलात, दीड-दोन तासांच्या वाटेवर, तिची मुलगी काचेच्या पेटीत होती आणि ती इथे.

मिर्वा मूळची समुद्रकाठच्या गावची. बाप बंदरात क्रेन चालवायचा. शेतीच्या शाळेतून उन्हाळ्यापुरती शिकायला म्हणून या गोठ्यात आली आणि राहिली. सायमीनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की शहरातल्या मुलींच्या हाताला गाई पान्हा सोडत नाहीत. पुढे सायमीचे गुडघे गेले, ती अंगणापलीकडच्या लहान घरात राहायला गेली आणि गोठा मिर्वाचा झाला. याविषयी दोघींमध्ये कधी शब्द झाला नाही. सायमी अजूनही दार न वाजवता आत येते आणि मिर्वा अजूनही तिच्यासाठी कप आधीच काढून ठेवते. इतकंच.

मूल राहायला फार वर्षं गेली. दोनदा राहिलं आणि गेलं. तिसऱ्या वेळी मिर्वानं कुणाला सांगितलंच नाही. पोट दिसायला लागल्यावर सगळ्यांना कळलं. पोटातल्याला ती 'वाटाणा' म्हणायची. नाव ठरलं होतं, पण आमच्याकडे बाळाचं नाव पाणी घालायच्या दिवसापर्यंत आईबापांच्या पोटात राहतं. आजीनंही विचारायचं नसतं. पाद्री मोठ्यानं विचारतो तेव्हाच घरच्यांना कळतं, आणि मग कुणाला आवडलं, कुणाला नाही, ते चेहऱ्यावर वाचत सगळे केक खातात.

मुलगी वेळेआधी झाली कशी हे मिर्वानं मला गोठ्यात सांगितलं, हॉस्पिटलातून तिला खोकल्यामुळे घरी पाठवली त्याच्या दुसऱ्या दिवशी. नुसती उभी होती, एका गाईच्या पाठीवर हात ठेवून.

"नळीनं जमीन धूत होते," ती म्हणाली. "बुटात पाणी गेलं. मला वाटलं, नळी फुटली. नळी बघितली, धड होती. मग कळलं."

"मग?"

"दोन गाई राहिल्या होत्या."

मला पुढचं सांगावं लागलं नाही. या कामातलं माणूस दोन गाई तशाच टाकून जात नाही. कास तटतटते, सुजते. तिनं त्या दोघींना यंत्र लावलं, धारा पुऱ्या केल्या, कासा पुसल्या आणि मग एस्कोला हाक मारली. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाली की त्या थोड्या वेळानं काहीही फरक पडला नसता. मिर्वानं ते ऐकून घेतलं. पटलं नाही.

"अँब्युलन्समध्ये मी त्या पोराला विचारत होते, सातवा महिनाही धड लागला नाही, असं होतं का कधी? तो म्हणाला, होतं. मग म्हणाला, बोलू नका, श्वास घ्या. पोचलो, आणि कुणी जोर करा म्हणायच्या आधीच झाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली तिला, मार्केता. ऊब राहावी म्हणून तसंच करतात म्हणे. आपण पाव ठेवतो तशी. माझ्यासमोरून नेली. मला एक पाय दिसला. ती रडली नाही. मीही नाही. सगळे घाईत होते."

लोण्याच्या अर्ध्या किलोच्या दोन पुड्यांएवढंही तिचं वजन नव्हतं.

मिर्वाच्या हातांची मला सवय आहे. गेल्या हिवाळ्यात एक वासरू दिवस भरायच्या आधीच पडलं. सायमी म्हणाली, कशाला पेंढा वाया घालवतेस. मिर्वानं त्याला पेंढ्यानं चोळून चोळून गरम केलं, दिव्याखाली ठेवलं, नळीनं चीक पाजला, आणि ते जगलं. आता बाकीच्यांना ढुशा मारत हिंडतं. त्याच हातांना हॉस्पिटलात पेटीच्या दोन भोकांतून आत जायला मिळायचं आणि सांगितलेलं असायचं की फिरवायचे नाहीत. एवढ्या लहान बाळाला कुरवाळलेलं सोसत नाही. नुसता हात ठेवायचा, डोक्यावर एक, पायांवर एक, आणि तसंच राहायचं. "मी खांबासारखी उभी राहते," ती म्हणाली होती. "काही करत नाही. तिथे माझं एवढंच काम आहे, काही न करण्याचं." पेटीवर चिठ्ठी होती: आडनाव आणि पुढे 'मुलगी'.

मग तिथे बाळांच्या आयांसाठीच्या खोलीत सर्दी फिरली, मिर्वालाही लागली आणि ते कामही गेलं. उरलं ते दूध. ती दर तीन तासांनी उठून यंत्र लावायची, बाटल्या भरायची, एस्को एक दिवसाआड त्या बर्फाच्या थंड पेटीत घालून हॉस्पिटलात घेऊन जायचा. मुलीला त्यातलं चमचाभरही लागत नव्हतं, नळीतून थेंब थेंब जायचं. बाकीचं तिथे गोठवून ठेवत. एस्को एकदा म्हणाला होता, आपल्या गोठ्यातलं सगळ्यात महाग दूध हेच. मिर्वा हसली नाही. तो नंतर दोन दिवस तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

आणि आज सकाळी फोन आला होता. रात्री मुलीला संसर्ग झाला, दोन दिवस स्वतःचा श्वास स्वतः घेत होती ती पुन्हा यंत्रावर. औषध चालू केलंय. वाट बघायची.

"वाट बघायची म्हणजे काय, ते मला कळतं," सायमी म्हणत होती. "म्हणून म्हणते, मी आज एस्कोबरोबर जाते. मला खोकला नाही. मला आत सोडतील. पाणी घालून येते."

"पाणी मरणाऱ्याला घालतात घाईनं."

"मी असं म्हटलं नाही."

"तुम्ही आत जाणार, वाटी घेऊन. नर्स बघणार. ती दुसऱ्या नर्सला सांगणार, त्या घरच्यांनी पाणी घातलं. मग सगळ्याच तिच्याकडे तसं बघायला लागतील, आटोपलं म्हणून."

"नर्सा अशा नसतात."

"माणसं असतात ना?" मिर्वा खोकली. "आणि तिला कळेल. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जिवाला काय कळतं. पण आजवर तिच्या डोक्याला लागलं ते सगळं सुया, चिकटपट्ट्या आणि नळ्याच. आता वरून गार पाणी."

"कोमट करून घालेन."

एस्को दाराशी हसला. हसू नव्हतं ते, नाकातून निघालेलं काहीतरी होतं. मिर्वानं त्याच्याकडे बघितलं.

"तुला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"तुम्ही दोघी ठरवा."

"ती माझी एकटीची आहे?"

"मी गाडी चालवतो," एस्को म्हणाला. "तेवढं मला जमतं. दूध न्यायचं, तिथे बसायचं, परत यायचं. दुसरं काय येतं मला? मला विचारू नका."

मिर्वानं यंत्र बंद केलं, बाटली काढली, उजेडात धरून बघितली. सकाळपेक्षा कमी होतं. तिनं झाकण लावलं.

"सायमी, तुम्ही धडधाकट पोरगा काढलात," ती बाटलीकडे बघतच म्हणाली. "चार किलोचा, तुम्हीच सांगता येणाऱ्या-जाणाऱ्याला. तुम्हाला यातलं काही माहीत नाही. तेव्हा सोडा."

सायमीनं कप खाली ठेवला.

"एस्कोच्या आधी एक झाला होता," ती म्हणाली.

एस्कोनं मान वर केली.

"सातव्यातच. मला तेव्हा बाविसावं होतं. रडला तो. मांजराच्या पिल्लासारखा. मी ऐकलं. नर्सबाई म्हणाली, बघू नकोस, लवकर विसरशील. टॉवेलात घेऊन गेली. दुपारी येऊन सांगितलं, गेला. बारा वाजेपर्यंत होता की दोन वाजेपर्यंत, कुणी बोललं नाही. तेवढ्या वेळात कुणीतरी त्याच्यावर पाणी घालू शकलं असतं. झाडूवालीसुद्धा. कुणाला सुचलं नाही. मलाही नाही."

"कुठे आहे तो?" एस्कोनं विचारलं. इतक्या हळू की ते मला विचारल्यासारखं वाटलं.

"तेच. तेव्हा अशांना वेगळी जागा नसायची. त्या दिवसांत गावात जो कुणी पुरायचा असेल, त्याच्या शवपेटीत ठेवून द्यायचे. घरच्यांना सांगायचेही नाहीत. तुझ्या बापानं विचारलं होतं. कोणाबरोबर, ते त्यांनी सांगितलं नाही, का त्यानं मला सांगितलं नाही, कोण जाणे. तुझा बाप न सांगताच गेला. त्या महिन्यातल्या पाच कबरी आहेत तिथे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी एकीवर मेणबत्ती लावते. दर वर्षी वेगळ्या कबरीवर."

मला आठवलं. मीसुद्धा बघितलं होतं तिला, बर्फात, लाकूडवखारीच्या जुन्या मालकाच्या कबरीपाशी. गावात आमच्यात तेव्हा बोलणं झालं होतं की सायमीला आता नीट दिसत नाही, कबर चुकते.

"मेणबत्तीचं मला काही नाही," सायमी म्हणाली. "लावली काय, न लावली काय. पण लावताना मनात काय म्हणायचं? त्याला हाक काय मारायची? 'तो' म्हणते मी. एवढी वर्षं झाली, 'तो' म्हणते. आणि परवा हा येऊन सांगतो," तिनं एस्कोकडे हनुवटी केली, "पेटीवर नुसतं 'मुलगी' लिहिलंय."

मिर्वानं बाटलीवर तारखेची पट्टी चिकटवली, अंगठ्यानं दाबली, पुन्हा दाबली.

फोन टेबलावरच होता. तो वाजला तेव्हा कुणी हललं नाही. मग मिर्वानं उचलला. पलीकडून नर्स बोलत होती, शांत, भरपूर वेळ असल्यासारखी. आम्हाला शब्द कळत नव्हते, मिर्वाचे तेवढे ऐकू येत होते.

"हं... तसंच... नाही, समजलं... मी आले तर? तोंडाला पट्टी बांधून, लांबून, दारातून?" मग ती खोकली. "नाही, अजून आहे खोकला. खोटं कशाला सांगू... दुसऱ्या पोरांना होईल, हो... कळलं मला. हो. नवरा येतोय दूध घेऊन."

तिनं फोन उलटा करून ठेवला.

"तसंच आहे," ती म्हणाली. "वाईट नाही, बरं नाही. संध्याकाळपर्यंत काहीच सांगता येणार नाही म्हणाली. मी विचारलं, मी काय करू. म्हणाली, झोपा जरा, गरम काहीतरी प्या."

एवढं म्हणून ती उठली, फ्रिज उघडला आणि तिथेच उभी राहिली. आतला दिवा तिच्या तोंडावर पडला होता. दोन रात्री झोपली नव्हती हे दिसत होतं. बाटल्या एकेक काढून तिनं थंड पेटीत उभ्या केल्या, मध्ये बर्फाच्या पिशव्या घातल्या, झाकण लावलं, आणि पेटी एस्कोच्या हातात न देता सायमीच्या समोर टेबलावर ठेवली. एस्को दुसरा बूट घालायला वाकला.

"सायमी, तुम्ही जा त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगठी काढून. पेटीला भोकं आहेत, त्यातून हात घालायचे. एक डोक्यावर, एक पायांवर. फिरवायचे नाहीत."

"आणि पाणी?" सायमीनं विचारलं.

"पाणी नाही. पाणी ती घरी आल्यावर, या खोलीत, पाद्रीच्या हातून, केक करून. आज नुसतं नाव घ्यायचं. भोकापाशी तोंड नेऊन, हळू. आणि नर्सला सांगून पेटीवरची ती चिठ्ठी बदलून घ्यायची. तिचं नाव लेम्पी. आजपासून या घरात तिला सगळ्यांनी लेम्पी म्हणायचं."