चुलता असेल तर चुलता

शिशाचे खिळे जुळवणारा धुळा कंपॉझिटर एरवी मऊ माणूस, पण लग्नसराईत त्याच्यासमोर पाल्हाळ लावायची सोय नव्हती. गिऱ्हाईक प्रेसची पायरी चढले की त्याचे ठरलेले प्रश्न सुरू. कुलदैवत कोण? सिद्धरामेश्वर असेल तर एक मथळा, मार्कंडेय असेल तर दुसरा, बिरोबा असेल तर तिसरा, नाहीतर गणपती. मुलीचे वडील हयात आहेत? असतील तर निमंत्रक तेच. नसतील तर चुलता, चुलता नसेल तर मामा. सगळे मजकूर आधीच जुळवून सुतळीने बांधलेले. उत्तर येईल तो उचलायचा आणि नावे घालायची. ही युक्ती धुळाचीच. तिच्यामुळे मालक आबासाहेबांच्या पत्रिका सोलापुरात सगळ्यांच्या आधी निघत, आणि मी छपाईचे ट्रेडल पायाने मारून मारून घायकुतीला येई.

शहात्तर सालच्या वैशाखात केराबाई आली. विड्या वळून एकटीने पोर वाढवलेली विधवा.

“चुलता हाय?” धुळाने विचारले.

“हाय की, येडू नावाचा. धनी गेल्यापास्नं त्यानं आमचा उंबरा चढला न्हाय. त्येचं नाव नगं. पोरीला मी वाडवली, माजं घाला.”

धुळाचा हात थांबला. या उत्तरासाठी त्याने काहीच बांधून ठेवले नव्हते. त्यालाही वळसंगला मेंढरे राखून आईनेच वाढवलेले, आणि त्याच्या लग्नपत्रिकेवर नाव मामाचे. केराबाई गेल्यावर त्याने नवा मजकूर जुळवायला घेतला. इतके जपून काम करताना मी त्याला कधी पाहिले नव्हते.

आबासाहेबांनी प्रूफ पाहिले. “विधवेचं नाव वर? उद्या लग्नाचं काम घेऊन कोण येईल माझ्याकडं? चुलता जिवंत आहे ना? मग झालं. नियम तुझाच आहे की, धुळा.”

तो काहीतरी बोलेल म्हणून मी ट्रेडल थांबवले. पण घरी पोरे लहान, दुसरीकडे कुठे जागा नाही. त्याने चिमट्याने तिच्या नावाचे खिळे एकेक काढून येडूचे बसवले. मनातल्या मनात चडफडलो मी, आणि छापलेही मीच.

केराबाई गठ्ठा न्यायला आली. तिला अक्षरओळख नव्हती.

“माजं नाव कुटं हाय?”

आबासाहेब गल्ल्यावरून बघत होते. धुळाने येडूच्या नावावर बोट ठेवले. “हितं.”

तिने ते नाव चाचपले. मग कनवटीची पुडी सोडून त्यावर हळदीचे बोट लावले.

“लई चांगलं आलंय,” ती म्हणाली. “ही पैली पत्रिका येडूच्याच दारात निऊन देते. बगू दे त्याला.”

धुळा ‘व्हय’ म्हणाला.