चार नंबरच्या पिस्तुलावरचा केशरी ठिपका

यान्बूतली ती भानगड आठवली की आजही माझा हात आधी चष्म्याकडे जातो. नोकरीत मी खुनाचे पंचनामे केले, दरोड्याचा माल विहिरीतून उपसून काढला. पण हा तपास निवृत्तीनंतरचा, परक्या मुलखातला, आणि त्यातला मुद्देमाल तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान होता.

आधी थोडं माझ्याविषयी. वडील गुऱ्हाळावर जाळ घालायचे. घरात पदवी घेणारा मी पहिलाच. तालुक्याच्या शाळेतल्या सरांनी फौजदारकीच्या परीक्षेचा अर्ज स्वतः आणून दिला, म्हणून मी पोलीस अधिकारी झालो. पुढे जिल्ह्याच्या पिस्तूल संघाचा प्रशिक्षक झालो. निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्याच अनुभवाच्या बळावर सौदीतल्या यान्बूच्या एका नेमबाजी क्लबात नोकरी मिळाली. सौ. बरोबर होती. तांबड्या समुद्राकाठी क्वार्टर, दुपारी चारनंतर ड्युटी. गुऱ्हाळावरच्या माणसाच्या मुलाने याहून जास्त काय मागावं?

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला एक बारीक उंचवटा असतो, ती फोरसाईट. मागे खाच असते, ती बॅकसाईट. खाचेच्या मधोमध उंचवटा बसवायचा आणि नजर उंचवट्यावर ठेवायची. निशाण धूसर दिसलं तरी चालतं. फोरसाईट चकाकली तर नेम चुकतो. म्हणून आमच्या जुन्या हवालदारांची पद्धत अशी, की कापूर पेटवून त्याच्या काजळीवर फोरसाईट काळी करायची. मीही रोज सराव सुरू होण्याआधी सगळी पिस्तुलं काळी करायचो. अलीकडे काजळी कितीही धरली तरी फोरसाईट नीट उठून दिसत नव्हती, म्हणून मी कापूर वाढवला होता. घरी त्यावरून बोलणी बसायची.

"देवाला दोन वड्या लावते मी, तुम्ही पिस्तुलाला मूठभर! गावाहून आणलेला कापूर आहे तो."

"कापूर हलका निघाला," मी म्हणायचो.

एके दिवशी चार नंबरच्या पिस्तुलाच्या फोरसाईटवर भडक केशरी ठिपका दिसला. मी तो पुसला, काजळी धरली. दोन दिवसांनी पुन्हा ठिपका. पुन्हा पुसला. पुन्हा आला. मी काळं करतोय आणि कोणीतरी केशरी करतंय, असा खेळ सुरू झाला.

मी मॅनेजरला खबर दिली. इथे माझा अंदाज चुकला. मला वाटलं, तो हसेल. त्याने दार लावून घेतलं.

"हत्याराशी छेडछाड! बाहेर एक शब्द जाता कामा नये. माजी सैनिकांची स्पर्धा तोंडावर आहे, बाहेरचे पाहुणे येणार आहेत. कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

किल्ली स्टोअर सांभाळणाऱ्या आमच्या कणकवलीच्या गड्याकडे असायची. मूळचा पेंटर. पन्नाशी ओलांडलेला, पिस्तुलं पुसून ठेवणं आणि क्लबाची रंगरंगोटी ही दोन्ही कामं त्याच्याकडे. दुर्दैवाने त्याच आठवड्यात त्याने रेंजच्या जमिनीवर सुरक्षेच्या रेषा मारल्या होत्या. रंग, अर्थातच, केशरी.

"झालं तर मग," मॅनेजर म्हणाला. "स्पर्धेआधी दुसरा कोणी सापडला तर ठीक. नाहीतर त्याचा फायनल एक्झिट लावतो, कायमचा परत मायदेशी. खलास."

मी संशयिताला माझ्या खोलीत बोलावलं आणि चहा मागवला. ठाण्यातही मी आधी चहा द्यायचो. ज्याच्या पोटात काही असतं तो चहा गार करतो, हा माझा अनुभव. यानं दोन घोटांत कप रिकामा केला आणि दुसरा मागितला.

"खरं सांग, ठिपका तू दिलास?"

"साहेबानू, मी पेंटर आसंय. माका रंगवूचाच असता तर एवढोसो ठिपको कशाक देतलंय? आख्खा पिस्तूल नाय रंगवतलंय?"

"किल्ली तुझ्याकडेच असते ना?"

"एक माझ्याकडे. दुसरी प्रेसिडेंटच्या टेबलात. आता तेंका काय इचारतलास?"

खरंच, त्यांना कोण विचारणार? क्लबाचे प्रेसिडेंट म्हणजे सौदी सैन्यातले निवृत्त कर्नल. एकेकाळचे पिस्तूल विजेते. त्यांच्यासमोर मॅनेजरसुद्धा श्वास मोजून घ्यायचा.

गडी उठला आणि दारात थांबला. "साहेबानू, बायकोचो व्हिजिट व्हिजा इलो हा. तिकीट काढलंय. पयल्यांदाच इमानात बसतली. तेवढा सांभाळा. तिका हयलो समुद्र दाखवूचो आसा."

"कणकवलीच्या बाईला समुद्राचं काय कौतुक?"

"समुद्र नवीन नाय हो. मी नवीन आसंय. लग्न झाल्यापासून माका ती फोनातच बघता."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ठिपका पुसलेलं फडकं खिशात तसंच होतं. सौ.ने ते धुवायला घेतलं आणि नाकाशी नेलं.

"हे काय पुसलंत?"

"पुरावा आहे तो. हात लावू नकोस."

"पुरावा कसला? नेलपॉलिश आहे हे." तिने आत जाऊन कसलीशी बाटली आणली, दोन थेंब टाकले. डाग विरघळून गेला. "तुमचा पेंटर नखं रंगवतो का?"

उभ्या नोकरीत मला इतकी चोख खबर कोणा खबऱ्याने दिली नव्हती, आणि दिली असती तरी त्याने नंतर भांडी घासायला लावली नसती.

पण नेलपॉलिश कोणाची? महिलांची बॅच शनिवारी असते. तिकडे जरा आडून चौकशी केली तर त्यांच्या प्रशिक्षिका म्हणाल्या, "सर, आमच्या मुली एवढा महाग रंग पिस्तुलावर वाया घालवतील का?" मुद्दा पटण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा हजर. या वेळी पुसण्याआधी मी पिस्तूल सहज उचललं, रिकामं असल्याची खात्री केली आणि निशाणावर धरलं. आणि थबकलो. फोरसाईट दिसत होती! स्वच्छ, ठसठशीत दिसत होती. बाजूचं पाच नंबरचं उचललं. त्याची काळी फोरसाईट काळ्या निशाणात बुडून गेली होती. म्हणजे कापूर बिचारा निर्दोष होता. हलके झाले होते ते माझे डोळे.

आता तपासाची दिशा बदलली. किल्ली कोणाकडे, रंग कोणाकडे, हे मी विचारत बसलो होतो. ठिपक्याची गरज कोणाला, हे विचारलंच नव्हतं. गड्याने आयुष्यात गोळी झाडली नव्हती. गरज होती ती माझ्यासारख्या, साठीच्या आसपासच्या नेमबाजाला.

मी स्पर्धेचे नियम अगदी बारीक अक्षरात छापून फळ्यावर लावले आणि कोपऱ्यात उभा राहिलो. वयस्क सभासद एकेक येत. कोणी कागदापासून मागे सरे, कोणी खिसे चाचपे. कर्नलसाहेब आले, कागदाकडे करारी मुद्रेने पाहिलं आणि मला म्हणाले, "तुम्हीच वाचून दाखवा. बघू, तुमचे उच्चार कसे आहेत."

नंतर ते चार नंबरचं पिस्तूल घेऊन उभे राहिले. ते नेहमी तेच घ्यायचे. दुपारी मी त्यावरचा ठिपका पुसून, दाट काजळी धरून ठेवली होती. त्यांनी नेम धरला. हनुवटी वर केली, कारण दुहेरी चष्म्याचा जवळचं दाखवणारा भाग खाली असतो. मग खाली केली. पुन्हा वर. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, साहेब निशाणाला मान हलवून नमस्कार करताहेत. शेवटी पिस्तूल खाली ठेवून ते वैतागाने म्हणाले,

"ठिपका कुठे गेला?"

मी शांतपणे विचारलं, "कुठला ठिपका, सर?"

ठिपक्याची बातमी मॅनेजर, गडी, महिलांच्या प्रशिक्षिका, मी आणि सौ. यांच्यापलीकडे गेलेली नव्हती. कर्नलसाहेब मुरलेले अधिकारी होते. आपण कबुलीजबाब दिलाय हे त्यांना तत्काळ समजलं. ते खुर्चीत बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "नातीची नेलपॉलिश आहे. ती घरभर शोधतेय. स्पर्धेला माझ्या पलटणीतली माणसं येणार. त्यांना काय सांगू, की मला पुढचं टोक दिसत नाही?"

"सर, या ठिपक्यापायी एका माणसाचा फायनल एक्झिट निघतोय. त्याची बायको पुढच्या महिन्यात येणार आहे."

त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मॅनेजरने त्यांना त्रास नको म्हणून सांगितलंच नव्हतं. ते ताडकन उठले आणि मॅनेजरच्या खोलीत गेले. अरबी फारसं समजलं नाही, पण बाहेर येताना मॅनेजरच गड्याला "चहा घेणार का?" विचारत होता.

मग आम्ही दोघं म्हातारे साईट निवडायला बसलो. लाल ठिपक्याची भिंगवाली साईट बसवून पाहिली. तीत खाच-उंचवटा जुळवायची कटकट नाही, ठिपका थेट निशाणावरच दिसतो. मला झकास दिसला. कर्नलसाहेब म्हणाले, "हा ठिपका नाही, खजुराचा घड आहे." त्यांच्या डोळ्यात तिरपा नंबर होता, त्यात असा प्रकाश फाकतो. शिवाय स्पर्धेत साध्याच साईट चालत. "प्रेसिडेंट आहात, नियम बदला," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच पुढचं खोकं उघडलं. हिरव्या चमकत्या काडीची फोरसाईट अंगणात झगझगायची, आत रेंजवर विझायची. तीन पांढऱ्या ठिपक्यांत कुठला पुढचा आणि कुठला मागचा यावर आमचा वाद झाला.

शेवटी ठरलं ते असं: मागची खाच रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी उजेड दिसेल, मागे ठिपका नाही, पुढे जाड फोरसाईट आणि तीवर एकच केशरी ठिपका. तरी कडा धूसरच दिसत होती. तेव्हा इथल्या इस्पितळातल्या आपल्या नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

"काका, वाचायचा चष्मा दीड-दोन वितींच्या अंतराचा, चालायचा लांबचा. तुमची फोरसाईट या दोन्हींच्या मधे आहे. हात ताणून डोळ्यापासून तिथपर्यंत सुतळीने मापून आणा, तेवढ्या अंतराचा नंबर देते." आणि मग, "हे पोलिसांत असताना कोणी सांगितलं नाही?"

"पोलिसांत डोळे कमी झालेत हे कोण सांगतं, बाई?"

दोन चष्मे झाले. ठिपका द्यायचं काम कर्नलसाहेबांनी हुकूम काढून आमच्या गड्यालाच दिलं. स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला. पलटणीतले दोघे त्यांना बाजूला घेऊन डॉक्टरबाईंचा पत्ता विचारत होते.

मला या प्रकरणाने शिकवलं ते एवढंच, की 'केलं कोणी' याच्याही आधी 'नड कोणाला' हे विचारावं. आणि माणूस चोरी लपवणार नाही इतक्या जिवापाड आपलं वय लपवतो.

गड्याच्या बायकोला आणायला विमानतळावर मीही गेलो होतो. दारातून ती बाहेर आली तशी यानं लांबूनच ओळखली आणि हात केला. ती झपाझप चालत अगदी समोर येऊन उभी राहिली. तसा हा एक पाऊल मागे सरला.

"मागे खय सरतास?" ती दुखावून म्हणाली.

"गप ऱ्हव," हा हनुवटी वर करून म्हणाला. "तुका बघतंय."