पातूरच्या जेवणानंतर

"कॉलरा नाही. फूड पॉयझनिंग आहे," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडे वळले.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात जागा नव्हती, म्हणून मला व्हरांड्यात गादी टाकून दिली होती. मी शाळेत मास्तरीण. पॉयझन म्हणजे विष, एवढं इंग्रजी मला येत होतं. कोणीतरी आम्हाला विष घातलं, एवढंच डोक्यात बसलं. माझ्या यजमानांनीही तेच ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत ते पातूरला पोचलं.

आम्ही बौद्ध झालो त्याला चार-पाच वर्षं झाली होती. पातूरला माझ्या नणंदेचं लग्न नव्या पद्धतीनं, थोडक्यात लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्या माणसांसाठी मटण केलं होतं. जेवून आम्ही मोटारीनं अकोल्याला परतलो. सकाळी पोटात पीळ पडला, मग जुलाब, ओकाऱ्या आणि अंग भाजेल असा ताप. उन्हाळा आहे, ऊन लागलं असेल, असं समजून मी कांद्याचा रस पीत बसले. तुम्ही असं करू नका. जुलाब थांबत नसतील तर लगेच दवाखाना गाठा. मला नेलं तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. डॉक्टरांनी त्याला डिहायड्रेशन म्हटलं. म्हणजे शरीरातलं पाणी आटणं. हाताला सलाईन लावलं.

तोवर पातूरहूनही तशीच आजारी माणसं येऊ लागली. दीर आले, दोन पाहुणे आले, आणि यजमानांच्या आत्याबाई आल्या. त्या माझ्याच शेजारी होत्या. त्यांच्याशी बोलावं म्हटलं तर तापात मला कळेना, की त्या आत्याबाई आहेत की माझी आई.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी गेल्या. कोणी मला सांगितलं नाही. शेजारची गादी रिकामी दिसली, तेव्हा त्यांना घरी नेलं असेल असंच मला वाटलं.

पातूरला तर्क सुरू झाले. कोणी म्हणे विहिरीत काही टाकलं. कोणी म्हणे मटण आजारी बोकडाचं होतं. पण आत्याबाई मटणाला शिवतही नसत, त्यांनी वरण-भातच खाल्ला होता. आणि यजमानांनी सगळ्यांपेक्षा जास्त मटण खाल्लं, त्यांना काही झालं नाही. कशाचाच मेळ बसेना. शेवटी सगळ्यांची बोटं माझ्या धाकट्या जावेकडे, शांताकडे वळली. रांधणं तिच्याकडे होतं, तिचं आणि सासूबाईंचं पटत नव्हतं, आणि पंगतीत तिला जेवताना कोणी पाहिलं नव्हतं. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "तिले ठाऊक व्हतं, म्हणून जेवली नाही." दिरांनी तिला माहेरी धाडायचं ठरवलं.

आणि तीच शांता माझ्या उशाशी येऊन बसली होती. नवऱ्याची सेवा करायला आली, तर त्यानं तोंड फिरवलं. म्हणून माझ्याकडे आली. तांब्यात पेज घेऊन म्हणाली, "पिऊन घ्या, बाई." प्यावी की नाही, मला कळेना. तहान फार होती. प्याले.

एका सकाळी आरोग्य खात्याचे एक वयस्कर डॉक्टर आले. ते प्रत्येकाला एकच विचारत होते, त्या दुपारी काय काय खाल्लं. मला आठवेना. कधी वांग्याची भाजी होती वाटे, कधी ती आदल्या दिवशीची. कोणाचंच उत्तर दुसऱ्याशी जुळत नव्हतं. मग त्यांनी यजमानांना विचारलं. यजमान वैतागले. "मी तं ठणठणीत आहो, मले कावून इचारता?"

"म्हणूनच विचारतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही काय खाल्लं नाही, ते मला पाहिजे."

यजमानांना काकडीचा वास सहन होत नाही. काकडी-कांद्याची कोशिंबीर त्यांनी घेतली नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यांना फक्त कोशिंबिरीचं विचारलं. आम्ही पडलेल्या सगळ्यांनी ती खाल्ली होती. आत्याबाईंनी भाताबरोबर दोनदा घेतली होती, हे दिरांना बघायला आलेल्या सासूबाईंनाच आठवलं. मग डॉक्टरांनी शांताला विचारलं. ती म्हणाली, सगळ्यांचं झाल्यावर ती चुलीपाशी रस्सा-भाकर जेवली. कोशिंबीर तेव्हा संपली होती.

सासूबाई पुढे सरकल्या. "कोशिंबीर कोन चिरली, ते इचारा तिले."

"कोणी चिरली ते मला नको," डॉक्टर म्हणाले. "कशावर चिरली ते सांगा."

ज्या पाटावर मटण तोडलं, तोच पाट पाणी ओतून पुन्हा घेतला होता. चार-पाच बायका आळीपाळीनं चिरायला बसल्या होत्या. मटण शिजलं, त्यातले जंतू मेले. कोशिंबीर कच्चीच राहिली, आणि उन्हात तीत जंतू वाढले. फूड पॉयझनिंग म्हणजे कोणी विष घालणं नव्हे, अन्न असं दूषित होणं, हे डॉक्टरांनी सासूबाईंना बसून समजावलं. माझं स्टूल कल्चर, म्हणजे शौचाची तपासणी, नागपूरला गेलं. त्यात साल्मोनेला नावाचा जंतू सापडला.

तरी सगळं उलगडलं असं नाही. एका पाहुण्यानं वाटीभर कोशिंबीर खाल्ली होती, त्याला काही झालं नाही. कोशिंबीर उरलेली नव्हती, म्हणून ती तपासता आली नाही. डॉक्टरही "बहुधा" म्हणाले, "नक्की" म्हणाले नाहीत. शेजारची गादी का रिकामी झाली, ते तोवर मला कळलं होतं. आत्याबाई गेल्या आणि मी का राहिले, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, वय, उशीर, अशक्तपणा. मला ते समजलं, आणि समजलंही नाही.

उभी राहता येऊ लागल्यावर मी आत्याबाईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं आमच्यात होणाऱ्या विधीला, पातूरला गेले. पंगत बसली. शांता वरणाचं भांडं घेऊन आली, तेव्हा पहिल्या दोघींनी ताटावर हात आडवा धरला. दीर खाली बघत राहिले. शांता तिथेच थांबली. पुढं जावं की मागं फिरावं, तिला कळत नसावं.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आपलं ताट पुढं सरकवलं.

"मले वाढ, शांते," त्या म्हणाल्या. "आन् तुवं ताट इथं आन. माह्याजवळ बस."