न तासलेलं शिंग

ह्यांना जाऊन महिना उलटतो न उलटतो तोच पोळा आला. गुरांच्या डॉक्टरकीत जन्म गेला, पण स्वतःला सलाइन लावताना मात्र शेवटपर्यंत कुरकुर... भेटायला येणारे म्हणत, फार शांत स्वभाव. शांत कसले, हट्टी होते.

काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं शिरपूरहून परतताना सोनगीरच्या लोटन नानांचा फोन आला. बैल झुंजले होते. ज्याला लागलं, त्याची शिंगं नानांनी सकाळीच चकचकीत तासलेली. आता एका शिंगाच्या बुडाशी तडा गेला होता आणि शेजारी करवत घेऊन उभा होता.

"डाक्टरसाहेब, शिंग कापनं पडी का? मना बैल वाची का?" आम्ही पोचताच नानांनी विचारलं.

शिंगाच्या आतलं हाड पोकळ, नाकाशी जोडलेलं; ते मोडलं असेल तर नाकातून रक्त येईल, एवढंच सांगून ह्यांनी शिंग मुठीत धरून दाबलं. बैलाने मान झटकली, कासरा ताणला. "अहो, मागे व्हा," मी ओरडले. ऐकतात कुठे! नाकपुडीवरची नजर हलली नाही. आम्ही सगळे तिकडेच बघत होतो. सूर्य कलला तरी नाकपुडी कोरडीच होती.

"करवत ठेवा," ते म्हणाले. "शिंग एकजीव नसतं, नाना. पापुद्र्यावर पापुद्रा असतो. तडा खालच्या पापुद्र्याशी आला की आडवा वळतो, फाटत फाटत दमतो. सरळ हाडापर्यंत जात नाही. तुम्ही दर पोळ्याला तासता ते हेच पापुद्रे. आज थोडक्यात वाचलात." मग औषध लावून पट्टी बांधली. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाले, "चुकलो असतो तर जनावर सडून मेलं असतं गं."

यंदा नाना स्वतः मला न्यायला आले. मी नको म्हणत होते, तरी गेले. मिरवणुकीत सगळ्या बैलांची शिंगं गुळगुळीत, त्या तडा गेलेल्या एकाचीच खरबरीत, त्यावर तसाच रंग. बघणारे सगळे हसत होते.

"बठ्ठा हासतस, अक्का," नाना म्हणाले, "पन मी तासत नही."

मी पुरणपोळी भरवली आणि शिंगावरून हात फिरवला. बुडाशी बोटाला काहीच लागेना. तडा वर सरकला होता, चांगला चार बोटं. शिंग मुळातून वाढतं, तसा तोही टोकाकडे निघालेला. वळून ह्यांना सांगायला तोंड उघडलं, आणि शेजारी कोणी नव्हतं.