एक काना, एक मात्रा

त्याला टीपकागद हे नाव त्याच्या मामाने ठेवलं. धंद्याने तो पाट्या रंगवणारा पेंटर. दवाखान्याच्या पाट्या, शाळेच्या भिंती, 'येथे वाहने उभी करू नयेत', असलं सगळं. हात इतका सुरेख की दुकान बंद पडायचं, पण लोक पाटी बघत राहायचे. फक्त एक होतं. ज्याच्याशेजारी हा महिनाभर बसेल त्याची शाई याच्या अंगावर उमटायची, आणि तीही उलटी.

एका वर्षी तो पहाटे पळणाऱ्यांच्या टोळक्यात शिरला. लगेच घरात भिजवलेल्या कडधान्यांच्या वाट्या मांडल्या गेल्या आणि बायकोला 'तुझा कणा वाकलाय' असं रोज ऐकावं लागलं. ती म्हणाली, "वाकणारच. तुमच्या वाट्या उचलून उचलून." मग चहाच्या टपरीवरचे तीन बेकार विद्वान भेटले. ते देव मानत नव्हते, म्हणून यानेही मानायचं सोडलं. का सोडलं असं विचारलं तर म्हणायचा, "विज्ञान!" आणि पुढचं विचारलं तर टपरीच्या दिशेने बघायचा. विद्वानांपैकी दोघांना नोकरी लागली, तिसऱ्याचं लग्न झालं, आणि याचं विज्ञान तिथेच थांबलं.

धंद्यात मात्र तो पंचवीस वर्षं एकाच माणसाच्या संगतीत होता. तो म्हणजे हा मामा. मामा शिडी धरायचा. शिडी मामाची, ओळ आखायचं खडूचं सूत मामाचं, आणि तोंडातली तंबाखू व शिव्यासुद्धा मामाच्याच. अक्षर संपलं की मामा चार पावलं मागे जायचा आणि शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक अक्षर मोठ्याने वाचायचा. पाटी रंगवणारा अक्षर काढतो, शब्द वाचत नाही. त्याला 'क' किती गोल झाला ते दिसतं, तो चुकीच्या जागी झालाय हे दिसत नाही. सरळ वाचणाराही फसतो, कारण त्याला काय लिहिलं असणार ते आधीच माहीत असतं. उलटं वाचणाऱ्याला काहीच माहीत नसतं. "शेवटचा ना, त्याच्या आधी खा, त्याच्या आधी दा, अरे, व कुठाय?" असं म्हणत मामाने एकदा एका डॉक्टरची अब्रू वाचवली होती. आपल्या पठ्ठ्याने 'दवाखाना'तला 'व' गाळून 'दाखाना' लिहून ठेवला होता.

तर या टीपकागदाला तीन वर्षांपूर्वी मंडळ भेटलं.

मंडळ म्हणजे सज्जनांचं. एक स्वच्छ हॉल, ओळीने बाक, आणि रविवारी सकाळी डोळे मिटून बसणारी चाळीस माणसं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त हेडक्लार्क. आयुष्यभर लोकांचे अर्ज परत पाठवून थकल्यावर देवाकडे अर्ज करायला लागलेले. पुढच्या दोन बाकांवर गाद्या होत्या. तिथे बसणाऱ्यांना 'अंतरंग सभासद' म्हणत आणि त्यांच्या छातीवर पांढरा बिल्ला असे. मागच्या बाकांवर नुसतं लाकूड. पहिल्याच रविवारी टीपकागदाने त्या गाद्या बघितल्या आणि त्याचा देवावर विश्वास बसला.

अध्यक्षांची एक खोड होती. भक्ती दाटून आली की त्यांच्या नाकात अनुस्वार दाटायचा. 'अं' म्हणून निघालेला आवाज वाटेत फुगून 'ओं' व्हायचा. रंगाचा रोंग, अंगाचा ओंग, आनंदाचा आनोंद. पुढच्या गाद्यांनी ते उचललं, मग लाकडाच्या बाकांनी उचललं. वर्षभरात सगळं मंडळ मोंडळ झालं. टीपकागद तर काय, तो वाटच बघत होता.

"अगं, पोंखा लाव जरा," तो एकदा घरी म्हणाला.

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "पोंखा आपल्याकडे नाही. पंखा आहे. तो चालेल का?"

"तुला श्रद्धा कळायची नाही."

"श्रद्धेला नाक लागतं होय? मला वाटलं, सर्दी झालीय."

याच सुमारास हॉलला नवा रंग लागला, आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर रोजची प्रार्थना हातभर उंच अक्षरांत लिहायची असं ठरलं. प्रार्थना एका ओळीची: 'दयाळा, दे आम्हा सज्जनसंग.' काम अर्थातच आपल्या पेंटरकडे आलं. अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "हे लिहा. तीन महिने भिंत शोभू दे, की मग आपला बिल्ला." टीपकागदाच्या डोळ्यांपुढे गादी तरंगायला लागली. पण अध्यक्षांचा हात खांद्यावरून निघाला नव्हता. "मात्र पेंटर, तो तुमचा शिडीवाला म्हातारा. तंबाखू खातो, शिव्या देतो, प्रार्थनेला हसतो. माणूस ज्याच्यासोबत उठतो-बसतो तसाच होतो हो. आपली सोंगत सांभाळा."

टीपकागदाने मान हलवली. मान हलवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मामाच्या खोलीवर गेला. मामा शिडीच्या पायऱ्यांना दोर आवळत बसला होता.

"मामा, या कामाला तू नकोस."

"का? भिंत बुटकी आहे?"

"तसं नाही. जागा पवित्र आहे. शिडी मात्र लागेल."

मामाने दोराची गाठ दाताने ओढून घट्ट केली. "शिडी पवित्र आहे वाटतं. घेऊन जा. आणि उलटं कोण वाचणार?"

"तिथे चाळीस माणसं आहेत, मामा. शिकलेली."

"शिकलेली सरळ वाचतात," मामा म्हणाला, आणि त्याने तोंडात तंबाखूची चिमूट टाकली.

भिंतीचं काम चार दिवस चाललं. शिडी धरायला मंडळाने दोन अंतरंग सभासद दिले. ते डोळे मिटून धरायचे. चौथ्या दिवशी खालून अध्यक्ष स्वतः प्रार्थना म्हणत होते, सज्जनसोंऽग, सज्जनसोंऽग, आणि वर टीपकागदाचा ब्रश त्या सुरात डुलत होता. जसं कानात गेलं तसं ओठांत आलं, ओठांतून मनगटात उतरलं. 'स'च्या पुढे त्याने एक झोकदार काना ओढला, वर मात्रा दिली, मात्रेच्या टोकाला आपली ती ठरलेली उलटी फिरकी मारली, आणि तिच्याशेजारी अनुस्वार ठेवला. खाली उतरून त्याने हात जोडले. चाळीस जणांनी भिंत वाचली. सगळ्यांच्या तोंडी जे होतं तेच भिंतीवर होतं, मग कुणाला काय खटकणार?

तीन महिने ही सज्जन मंडळी त्या भिंतीसमोर बसून, डोळ्यांत पाणी आणून, दयाळाकडे सज्जनांचं सोंग मागत होती.

बिल्ल्याचा रविवार उजाडला. टीपकागद इस्त्रीचा सदरा घालून पुढे उभा. अध्यक्षांच्या हातात डबी, डबीत बिल्ला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "माझी शिडी."

मामा होता. तीन महिने शिडी हॉलच्या दारामागे उभी होती. ज्याने नेली होती तो परत करायला फिरकला नव्हता, कारण वाटेत मामा भेटला असता.

"थांबा जरा. इथे मोंगल कार्य चाललंय," अध्यक्ष म्हणाले.

"चालू द्या," म्हणून मामा दाराशी टेकला. आता रिकामा माणूस करणार काय? समोर पाटी होती. पंचवीस वर्षांची सवय. ओठ हलायला लागले. "ग. त्याच्या आधी स. सला काना, मात्रा, वर टिंब..." आणि मामा थांबला. पुन्हा वाचलं. मग तो असा हसला की तंबाखू घशाशी गेली.

"काय झालं हसायला?" अध्यक्ष गरजले.

"काही नाही हो." मामाने डोळे पुसले. "एवढी मन लावून मागितलेली गोष्ट एवढी पुरेपूर मिळालेली मी पहिल्यांदाच बघतोय. वाचा, वाचा. शेवटून वाचा."

चाळीस माना वर झाल्या. मागच्या बाकावरच्या एका बाईने अक्षर अक्षर लावलं आणि पदर तोंडाला लावला. पुढच्या गाद्यांवर मात्र कुणाच्या काही लक्षात येईना. "सोंगच तर लिहिलंय," एक अंतरंग सभासद पुटपुटला. "आपण काय म्हणतो? सोंगच म्हणतो ना?"

"आपण सोंग म्हणत नाही!" अध्यक्ष ओरडले. "आपण सोंग म्हणतो!"

यातलं पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं ते बोलणाऱ्यालाही कळलं नाही. पण हेडक्लार्कच तो, चूक कुणाच्या फायलीत टाकायची हे चटकन सुचलं. बोट मामाकडे वळलं. "शिडी याची आहे. प्रार्थनेला हसणारा हाच. यानेच कधीतरी मागून येऊन हा काना चढवलाय. पेंटर, तुम्ही सांगा. तुमचं अक्षर असं चुकेल का? याचंच काम ना हे? हो म्हणा."

डबी उघडीच होती. बिल्ला चकाकत होता. चाळीस माणसं टीपकागदाच्या मानेकडे बघत होती, आणि ती मान निम्मी खाली आलीसुद्धा.

मामा शिडीच्या पायऱ्या चाचपत म्हणाला, "हलव की. तेवढंच तर येतं तुला."

निम्मी मान तिथेच अडकली. ती वर करायची म्हणून टीपकागदाने भिंतीकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची पाटी स्वतः शेवटून वाचली. ग. अनुस्वार. मात्रा. मात्रेच्या टोकाला फिरकी. ती फिरकी गावातल्या दुसऱ्या कुणाच्या हातातून निघत नव्हती. मामाचा हात तर दोन वर्षांपासून इतका कापायचा की त्याला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे.

"काना माझा आहे," तो म्हणाला. आवाज बारीक, पण नाकातून नव्हता. "मात्राही माझीच. मी जसं बोलायला लागलो तसं लिहिलं. आणि बोलायला मी तुमच्याकडून शिकलो."

डबी टपकन मिटली.

मग मामाने शिडीचं मागचं टोक उचललं, भाच्याने पुढचं, आणि इस्त्रीच्या सदऱ्यावर जुन्या रंगाचे डाग पाडत दोघं बाहेर पडले. त्यांना थांबवायला कुणी आलं नाही. मंडळाने आणीबाणीची बैठक घेतली, भिंतीला हात लावला तर चूक कबूल केल्यासारखं होईल असा ठराव झाला, आणि 'सोंग' हा शब्द नेमका झाकला जाईल एवढा मोठा अध्यक्षांचा फोटो तिथे टांगण्यात आला. आता तिथे 'दयाळा, दे आम्हा सज्जन' एवढं दिसतं आणि पुढे अध्यक्ष हसत असतात.

हा किस्सा इथे संपवला तर टीपकागदावर जरा जास्तच उपकार होतील. दोन महिन्यांत त्याला मामाचा खोकला लागला. मग तंबाखू. मग मामाच्या ठेवणीतल्या शिव्या. "पंखा परत आला घरात," बायको म्हणाली, "पण आता पिंक टाकायला भांडं लागतंय."

परवा दोघं शिडी घेऊन त्या हॉलवरून जात होते. दार उघडं होतं. सवयीने मामा थांबला आणि शेवटून वाचायला लागला, "फोटो. न. ज्ज. स." मग अचानक वळून म्हणाला, "काय रे, एवढी वर्षं तिथे बसलास, त्याच्या आधी टपरीवर बसलास. तुला काय वाटतं, देव आहे का?"

टीपकागदाने तोंड उघडलं आणि उत्तरासाठी मामाच्या चेहऱ्याकडे बघितलं. मामाने टोपी खाली ओढून अख्खा चेहरा झाकून घेतला होता.

टोपीखालून आवाज आला, "मी इथे नाहीये. बोल."

शिडीचं टोक खांद्यावर घेऊन टीपकागद रस्त्यात तसाच उभा. मागून एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून दमला.