गळ्यातलं ओळखपत्र

आमच्या किल्ल्यावरचे किस्से आता इतके झालेत की नायगावच्या घरी पाहुणे आले की आई चहाआधी म्हणते, ''तो हेडफोनचो सांग गो.'' म्हणून तोच आधी.

माझी थोरली बहीण, रोहिणीताई, जन्मापासून बहिरी. शीवच्या किल्ल्याची माहिती ती बहिऱ्या लोकांना खुणांच्या भाषेत सांगते. मला ऐकू येतं, म्हणून मी दुभाषी. पण जुन्या वास्तूंच्या फेऱ्या काढणाऱ्या एका संस्थेने गाइडचं ओळखपत्र दिलं ते माझ्या नावाने. कारण त्यांच्या नियमात लिहिलंय, 'गाइडला स्पष्ट बोलता आलं पाहिजे.' काम ताईचं, कार्ड माझ्या गळ्यात. दर रविवारी ते मला टोचायचं.

तर हेडफोन. संस्थेच्या साहेबांनी एकदा आमच्या अख्ख्या बहिऱ्या ग्रुपला माहिती ऐकायचे हेडफोन वाटले. ''खास तुमच्यासाठी सोय केलीय.'' दादरचा आमचा लॅन्सी, ड्राफ्ट्समन, तोही बहिरा. त्याने हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि डोलायला लागला.

साहेब खूश. ''बघा, ऐकू येतंय की!''

मशीन बंद होतं.

*

खुणा दिसायला हव्यात, म्हणून ताई ग्रुपकडे तोंड करून किल्ल्याच्या पायऱ्या उलटी चढते. पाऊल चुकू नये म्हणून लॅन्सी शेजारी असतो. रोज सकाळी फिरायला येणारे एक काका हे बघून ओरडत सुटले, ''अहो बाई, पडाल! पडाल!'' ताईला कुठलं ऐकू यायला? काका तिच्याकडे बघत बघत तसेच चालत राहिले आणि पायरीला ठेचकाळून खाली बसले.

ताईने त्यांना हात देऊन उठवलं आणि मला खुणेने म्हणाली, ''सांग त्यांना, पुढे बघून चाला.''

*

आमच्यात नाव अक्षरांनी घेत नाहीत. प्रत्येकाला एक खूण मिळते, तेच त्याचं नाव. साहेब मागे लागले, मलाही द्या. ताईच्या कार्डासाठी आम्ही वर्षभर त्यांच्याकडे खेटे घालत होतो आणि दर वेळी ते म्हणायचे, ''उद्या बघू.'' लॅन्सीने त्यांना 'उद्या' हीच खूण दिली. साहेबांनी ती शिपायापासून सगळ्यांना करून दाखवली.

अजून दाखवतात.

*

भोईवाड्याच्या एक बहिऱ्या आजी आल्या होत्या. फेरी संपल्यावर त्या तटाला हात लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ''लग्न झाल्यापासून इथे हवा खायला येते. ही भिंत कशासाठी बांधली, ते आज कळलं.'' मला रडू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिथेच एका अभ्यासू गृहस्थांनी विचारलं, ''पण त्या काळी बहिऱ्यांचा या किल्ल्याशी काय संबंध?''

''पहाऱ्याला असतील,'' ताई म्हणाली. ''लांबचं नीट दिसतं आम्हाला.''

''पुरावा आहे?''

''नव्हते याचा तुम्ही आणा.''

*

शेवटी साहेब कंटाळले आणि म्हणाले, ''चाचणी घेऊ. दोन उमेदवार, दहा-दहा मिनिटं. लोकांना ज्याचं कळेल, त्याला कार्ड.'' दुसरा उमेदवार खणखणीत आवाजाचा. ताई आदल्या दिवशी जेवली नाही. मला म्हणाली, ''उद्या नाही मिळालं तर पुन्हा तुझ्या कार्डावर येणार नाही.'' ती बोलली की करते.

चाचणीला वीसेक पाहुणे होते. अर्धे ऐकणारे, अर्धे आमचे. खणखणीत उमेदवाराने 'नमस्कार मंडळी' म्हटलं आणि खालच्या मैदानात कुणाच्या तरी उद्घाटनाचा डीजे सुरू झाला. टेकडी थरथरायला लागली. तो बिचारा गळ्याच्या शिरा ताणून सांगत होता, नुसते ओठ हलत होते. साहेबांनी खाली फोन लावला, पण फोनवर तरी कुणाला काय ऐकू येणार?

दहा मिनिटं झाली. ताई पुढे आली. मी तोंड उघडलंच नाही, उपयोगच नव्हता. तिने हातांनी खाडी पसरली, पलीकडचा मुलूख दाखवला, तोफ वळवली, बार काढला. आमचे लोक हसत होते, प्रश्न विचारत होते. ऐकणारेही हळूहळू तिच्यासमोर येऊन बसले. मघाचा उमेदवारसुद्धा.

साहेब मध्ये आले. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून नियमाचा कागद नाचवला आणि 'स्पष्ट बोलता' या शब्दांवर बोट ठेवलं.

ताईने ते पाहिलं. लॅन्सीची वही घेतली, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सगळ्यांसमोर धरलं:

'मघाचं ज्यांना ऐकू आलं, त्यांनी हात वर करा.'

एकही हात वर गेला नाही.

मी गळ्यातलं कार्ड काढलं आणि ताईच्या गळ्यात घातलं. साहेब हातवारे करत काहीतरी म्हणाले.

काय म्हणाले, ते कुणालाच ऐकू आलं नाही.