तीन वेळा ‘बा’

“माज्या आईचा आवाज तुमच्याकडं हाय म्हणं,” शरणप्पा म्हणाला आणि दारातच उभा राहिला.

तिशीचा माणूस. अंगावर प्रवासाची धूळ. हैदराबादकडं बिल्डिंगच्या कामावर होता. आई उन्हाळ्यात गेली, हा गावात पोचला तोवर माती होऊन गेली होती. घरात तिचा एक फोटो नव्हता. शेजाऱ्यांनी सांगितलं, लातूरहून मशीन घेऊन एक साहेब आला होता, त्यानं म्हातारीचं बोलणं भरून नेलं. तो साहेब म्हणजे मी.

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्या कॅसेटमध्ये काय आहे ते मला माहीत होतं.

मी बोलींच्या सर्वेक्षणात नोकरीला होतो. म्हणजे गावोगाव जायचं, ठरलेल्या यादीतला एकेक शब्द विचारायचा, आणि तिथले लोक त्याला काय म्हणतात ते टेप करायचं. ज्याला विचारायचं त्याला आम्ही ‘माहितगार’ म्हणतो. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. ऑफिस म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, एक टेबल, एक टेपरेकॉर्डर आणि मी. त्यात दुष्काळ. टँकर आला की शेजारी माझ्याशी बोलायचे, तेही घागरीच्या नंबरावरून. घर राहिलं उमरीला. दिवसभर लोकांना शब्द विचारत हिंडायचो आणि संध्याकाळी खानावळीत “भाजी वाढू का” यापलीकडं मला कुणी काही विचारत नव्हतं. जीव विटून गेला होता एकटेपणानं.

पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या साहेबांना त्या वर्षी ‘बा’ या शब्दानं झपाटलं होतं. एका अक्षराचा शब्द, पण हिंडतो किती बघा. आमच्या उमरी-नायगावकडं बा म्हणजे बाप. बाप, बाबा यांच्याच घरातला. गुजरातीत बा म्हणजे आई. फारसीतला बा म्हणजे ‘सह’. तो निजामाच्या कचेरीतून आपल्याकडं आला आणि ‘बाकायदा’मध्ये अजून ठाण मांडून बसलाय. कानडीत बा म्हणजे ‘ये’. तमिळमधला ‘वा’ तो हाच, कानडीत त्या ‘व’चा ‘ब’ झाला. देगलूरकडं तेलुगू घरात गेलं की ‘ये’ला ‘रा’ म्हणतात. साहेबांना नकाशा पाहिजे होता. कोणत्या गावापर्यंत बा म्हणजे बाप, आणि कुठून पुढं बा म्हणजे ये.

म्हणून मी उदगीरच्या पलीकडं, सीमेवरच्या त्या गावात गेलो. अर्ध्या गावाला कुलपं. पाणी नाही, काम नाही, माणसं बिदर-हैदराबादकडं निघून गेलेली. त्या गल्लीत नागम्मा तेवढी ओट्यावर बसलेली होती. शरणप्पाची आई.

“अव्वा, शब्द सांगशील का?”

“सांगते की. बस.”

आमची पद्धत अशी. टेप चालू करायची, शब्द विचारायचा, माहितगारानं आपला शब्द तीन वेळा म्हणायचा, की लगेच पॉझ. पॉझ म्हणजे टेप जागच्या जागी थांबवायचं बटण. कॅसेटी पुण्याहून येत आणि साहेबांचा दम होता, गप्पा भरू नका. नागम्माचं असं, की शब्द सांगून झाला की ती पोराचं बोलत सुटायची. निम्मं मराठी, निम्मं कानडी. मी मान हलवायचो, पण डोळे यादीवर. सकाळी बसलो ते ऊन कलेपर्यंत. उठायला लागलो तर म्हणाली, “झालं? अजून इचार की.”

“यादी संपली, अव्वा,” मी म्हटलं आणि मशीन पिशवीत घातलं.

तर आता शरणप्पा समोर बसलेला. मी पुण्याला ट्रंककॉल लावला. तासाभरानं लागला.

“सर, एकाची आई वारली. तिची कॅसेट मागून राहिलाय.”

“कोणाची?”

“माहितगार क्रमांक चार.”

“ऐकवा. देऊ नका. तो डेटा आहे.”

मी कॅसेट लावली. शरणप्पा खुर्ची ओढून मशीनला चिकटून बसला. आधी माझा आवाज, “पाणी?” मग नागम्मा, नीरु, नीरु, नीरु. खट्ट. “हात?” कई, कई, कई. खट्ट. ती खट्ट म्हणजे माझं बोट. पुढं माझा आवाज आला, “ये?” आणि नागम्मा म्हणाली, “बा, बा, बा.” नियमाप्रमाणं तीन वेळा. शरणप्पाचे खांदे हलायला लागले. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला लाज वाटत होती.

टेप संपली. त्यानं माझ्याकडं बघितलं.

“इतकंच बोलली?”

हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण मी म्हणालो, “न्हाई. दिवसभर बोलली. तुझंच बोलत होती. मी बटण दाबत होतो.”

“काय म्हणली?”

मी लई आठवून बघितलं. तिचे हात आठवले, रस्त्याकडं दाखवलेलं बोट आठवलं. शब्द एकही आठवेना. ती बोलत होती तेव्हा मी पुढचा शब्द शोधत होतो.

“ध्यानात न्हाई रे,” मी म्हटलं.

काहीतरी करायचं म्हणून मी पेटीतून तिचं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. प्रत्येक माहितगाराचं असं एक कार्ड असतं. नाव, वय, गाव, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात मी काय लिहिलंय ते मी विसरलो होतो. शरणप्पानं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

“माहितगार फार बोलते. वेळ जातो.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण शरणप्पा हसला. डोळे पुसत पुसत हसला.

“हे मातर खरं लिवलं साहेब. लई बोलायची. हे कागद मला देता का?”

मी देऊन टाकलं. महिन्याभरानं पुण्याहून मेमो आला, क्रमांक चारचं कार्ड कुठंय? मी कळवलं, गहाळ झालं. दुसरा मेमो आला तो कॅसेटी जास्त का लागतात म्हणून. पॉझ दाबायचं मी सोडलं होतं, पण तसं कळवलं नाही. नकाशा छापून झाला, चांगला झाला.

आता नव्या लोकांना ट्रेनिंगला मला बोलावतात. मी एकच गोष्ट सांगतो. शेऱ्याचा रकाना घाईत भरू नका. तो कोण वाचेल, सांगता येत नाही.